नि:शस्त्रांवर गोळी झाडण्याचा हुकूम साधा शिपाई का पाळतो?

प्रश्न नेहमी दोन तुकड्यांत येतो. घरी म्हाताऱ्या आईला वेळच्या वेळी पैसे धाडणारा शिपाई नि:शस्त्र बायकापोरांवर गोळी झाडायचा हुकूम पाळतो तरी कसा, हा पहिला तुकडा. दुसरा खरं तर प्रश्नच नसतो, ते उत्तर असतं: ‘बिचारा काय करणार, नाही म्हणाला असता तर त्यालाच गोळी घातली असती.’

दुसऱ्यापासूनच सुरुवात करू, कारण नाझी जर्मनीच्या बाबतीत हे उत्तर कोर्टात कित्येक वर्षं तपासलं गेलं आहे. युद्धानंतरच्या खटल्यांत आरोपींचे वकील असं एक तरी उदाहरण शोधत होते. सापडलं असतं तर अशिलाची शिक्षा हलकी झाली असती. नि:शस्त्र नागरिकांना मारायला नकार दिला म्हणून कुणा जर्मन सैनिकाला किंवा पोलिसाला देहदंड झाला, असं एकही उदाहरण त्यांना सिद्ध करता आलं नाही. टोमणे, बदली, अडलेली बढती, एवढ्यावर बहुधा निभावत असे.

सगळीकडे असंच असतं असं मात्र नाही. जुलै १९९५ मध्ये बोस्नियातलं स्रेब्रेनित्सा बोस्नियन सर्ब सैन्याच्या हाती पडल्यावर ब्रान्येवोच्या शेतावर बसमधून आणलेल्या कैद्यांना गोळ्या घालणाऱ्या त्या सैन्याच्या तुकडीत द्राझेन एर्देमोविच हा शिपाई होता. ‘एवढी दया येत असेल तर बंदूक दे आणि जा त्यांच्या रांगेत उभा राहा,’ असं आपल्याला सुनावल्याचं त्याने हेगच्या न्यायाधिकरणात सांगितलं. तिथे ते खोटं वाटावं अशी परिस्थिती नव्हती. पण त्याच साक्षीतला पुढचा भाग कमी वाचला जातो. त्याच दिवशी पिलित्साच्या सांस्कृतिक केंद्रात कोंडलेल्या आणखी माणसांना मारायला चला, असं सांगितल्यावर तो नाही म्हणाला. काही सोबत्यांनीही त्याची री ओढली आणि त्यांना कुणी गोळी घातली नाही. सकाळी एकट्याने नकार देताना मरणाची भीती आणि दुपारी चारचौघांनी मिळून दिला तर काहीच नाही. माणसं तीच, वरिष्ठ तेच.

म्हणून ‘का पाळतात’ हे शोधताना मी हुकुमाकडे शेवटी बघतो. आधी बघायचं ते हे की, एकच हुकूम दोन तुकड्यांना मिळाला तेव्हा एकीने पाळला आणि दुसरीने टाळला, तर दोघींत फरक कशाचा होता. असं बघितलं की स्वभाव, धर्म, राष्ट्र असली भारदस्त कारणं मागे पडतात आणि ब्रीफिंगमध्ये कोण काय बोललं, शेजारी कोण उभं होतं, आदल्या आठवड्यात काय खपवून घेतलं गेलं, असल्या किरकोळ दिसणाऱ्या गोष्टी पुढे येतात.

असा फरक सर्वांत स्वच्छ दिसतो तो काफर कासिमला. २९ ऑक्टोबर १९५६, सिनाई युद्धाचा पहिला दिवस. इस्रायलच्या जॉर्डन सरहद्दीलगतच्या अरब गावांत रात्री ९ ची संचारबंदी आयत्या वेळी संध्याकाळी ५ वर आणली गेली. काफर कासिमच्या मुखत्याराला, म्हणजे गावच्या पाटलाला, हे कळलं साडेचारच्या सुमारास. शेतात आणि खाणीत कामाला गेलेली शेकडो माणसं बाहेर आहेत, अर्ध्या तासात त्यांना कळवायचं कसं, असं त्याने सार्जंटला विचारलं. त्यांना येऊ देऊ, असं उत्तर मिळालं. तिकडे सीमा पोलिसांच्या ब्रीफिंगमध्ये हाच प्रश्न निघाला होता: ज्यांना ठाऊकच नाही अशा परतणाऱ्यांचं काय? मेजर मलिंकीच्या जबानीनुसार वरिष्ठ कर्नल अरबीत एवढंच म्हणाला, ‘अल्ला त्याच्यावर दया करो.’ मेलेल्या माणसाबद्दल बोलतात ते हे शब्द. कर्नलने पुढे ते नाकारले.

हुकूम एकच होता आणि तो अनेक गावांसाठी होता. बहुतेक गावांत प्लाटून कमांडरांनी सायकलवरून, ट्रकमधून परतणाऱ्यांना गुपचूप घरी जाऊ दिलं. काफर कासिममध्ये लेफ्टनंटने तो शब्दश: घेतला आणि तासाभरात ४९ माणसं मारली गेली, त्यांत बायका होत्या, मुलं होती. बटालियन एक, प्रशिक्षण एक, ब्रीफिंग एक. निकाल ठरला तो प्लाटून कमांडर या पायरीवर. वरचा हुकूम संदिग्ध असतो तेव्हा खालचा शिपाई सेनापतीच्या मनात काय आहे याचा विचार करत बसत नाही. तो आपल्या लेफ्टनंटच्या, आपल्या हवालदाराच्या चेहऱ्याकडे बघतो.

संदिग्ध हुकुमाबद्दल थोडं सविस्तर बोलावं लागेल. ‘नागरिकांना मारा’ असा स्पष्ट हुकूम क्वचितच दिला जातो. लेखी तर सहसा नसतोच. वाक्यं असतात ती अशी: ‘तो भाग साफ करा’, ‘तिथे आपलं कुणी नाही’, ‘कैदी नकोत’, ‘त्यांना बोलतं करा’. ऐकणारा त्याचा सगळ्यात वाईट अर्थ घेऊ शकेल आणि बोलणारा उद्या हात झटकू शकेल, अशी त्यांची घडण असते.

१५ मार्च १९६८ च्या संध्याकाळी व्हिएतनाममध्ये अमेरिकी लष्कराच्या कॅप्टन मेडिनाने आपल्या चार्ली कंपनीला दुसऱ्या दिवशीच्या, माय लाय गावावरच्या कारवाईचं ब्रीफिंग दिलं. बायकामुलांना मारायचं का, याचं उत्तर त्याने नेमकं काय दिलं, यावर त्याच मैदानात बसलेल्या सैनिकांच्या शपथेवरच्या जबान्या एकमेकींशी जुळत नाहीत. गुप्तवार्ता मात्र सगळ्यांनी सारखीच ऐकली होती. गावात शत्रूची ४८ वी बटालियन आहे आणि साधी माणसं सकाळी ७ पर्यंत बाजाराला गेलेली असतील. मला विचाराल तर माय लायचं खरं इंजिन या दुसऱ्या वाक्यात आहे. गावात जो कुणी दिसेल तो शत्रूच, हे त्या वाक्याने आधीच ठरवून टाकलं. साडेसातच्या सुमारास हेलिकॉप्टरं उतरली तेव्हा समोरून एक गोळी आली नाही. चुलीवर सकाळचा भात होता. गुप्तवार्ता चुकली हे पहिल्या पाच मिनिटांत डोळ्यांना दिसत होतं, पण आता काय करायचं हे कुणी नव्याने सांगितलं नाही आणि आदल्या संध्याकाळचं वाक्य चालूच राहिलं. दुपारपर्यंत अमेरिकी लष्कराच्या मोजणीप्रमाणे ३४७ आणि तिथल्या स्मारकावरच्या नावांप्रमाणे ५०४ माणसं मेली होती.

चार्ली कंपनीत विशेष काही नव्हतं. डिसेंबर १९६७ मध्ये आलेली, तीन महिने शत्रू न दिसता सुरुंगांनी आणि सापळ्यांनी माणसं गमावलेली. घटनेच्या दोनच दिवस आधी एक लाडका सार्जंट सापळ्यात गेला होता. त्याआधीच्या आठवड्यांत गावकऱ्यांना मारहाण, छळ असे प्रकार घडले होते आणि कुणाला साधी ताकीदही मिळाली नव्हती. हे तपशील मामुली वाटतात, पण तुकडी बिघडते ती इथेच. पहिली थप्पड खपली की दुसऱ्या वेळी काठी निघते. प्रत्येक पायरी आधीच्या पायरीपेक्षा जराशीच वर असते, त्यामुळे ‘आता हे फार झालं’ असं म्हणायला नेमकी जागाच सापडत नाही. आणि आज नको म्हणायचं तर काल हो का म्हणालो, याचं उत्तर स्वत:लाच द्यावं लागतं.

येल विद्यापीठात स्टॅन्ली मिलग्रॅमने १९६१-६२ मध्ये केलेल्या प्रयोगातही १५-१५ व्होल्टच्या ३० पायऱ्या होत्या. पलीकडच्या खोलीतल्या माणसाचं उत्तर चुकलं की शॉक द्यायचा आणि दर वेळी एक बटण वर जायचं. शॉक खोटे होते, पण देणाऱ्याला ते ठाऊक नव्हतं. ४० पैकी २६ जण ४५० व्होल्टपर्यंत गेले, म्हणजे ६५ टक्के. हा आकडा सगळ्यांना पाठ असतो आणि माझ्या मते तोच सर्वांत निरुपयोगी आहे. ती प्रयोगशाळा होती, काही जणांना नाटकाचा वास लागला होता आणि कुणाचा मित्र काल सुरुंगावर मेला नव्हता. उपयोगाचे आहेत ते बदलून केलेले प्रयोग. सूचना देणारा खोलीतून उठून गेला आणि फोनवरून बोलू लागला, तेव्हा शेवटपर्यंत जाणारे साधारण पाचात एक उरले. शेजारच्या दोन साथीदारांनी मध्येच ‘आम्ही नाही करत’ म्हटलं, तेव्हा ४० पैकी फक्त ४ जण टोकाला गेले. आणि बटण दुसऱ्याने दाबायचं, आपण फक्त प्रश्न वाचायचे अशी वाटणी केली, तेव्हा ४० पैकी ३७ शेवटपर्यंत बसून राहिले.

अडखळणाऱ्यासाठी सूचना देणाऱ्याकडे चार ठरलेली वाक्यं होती. चौथं सर्वांत कडक: ‘तुमच्यापुढे दुसरा पर्याय नाही, तुम्ही पुढे गेलंच पाहिजे.’ २००९ साली प्रसिद्ध झालेल्या सौम्य पुनर्प्रयोगात हे चौथं वाक्य ऐकल्यावर एकही जण पुढे गेला नाही. उघड हुकूम झाल्यावर माणसाला आपण नकार देऊ शकतो हे आठवतं. ‘प्रयोगासाठी हे आवश्यक आहे’ अशा समजुतीच्या वाक्यांवर मात्र लोक चालत राहतात. लष्करातही तेच दिसतं. दरडावण्यापेक्षा ‘कामगिरी पुरी झाली पाहिजे’, ‘पोरांना सुखरूप परत न्यायचंय’ ही वाक्यं अधिक काम करतात.

आता युझेफुव. पोलंडमधलं गाव, १३ जुलै १९४२. हॅम्बुर्गच्या राखीव पोलीस बटालियन १०१ चे सुमारे ५०० जण, बरेचसे चाळिशीकडे झुकलेले, गोदीत नाहीतर ट्रकवर काम करणारे, बायकापोरांचे धनी. मेजर ट्रापने पहाटे त्यांना अर्धवर्तुळात उभं केलं आणि रडवेल्या आवाजात काम सांगितलं: धडधाकट पुरुष वेगळे काढायचे, बाकीच्या ज्यूंना, बायका, मुलं, म्हातारे सगळ्यांना, इथेच मारायचं. आणि मग त्याने जे केलं ते लष्करी इतिहासात विरळा आहे. वयस्क लोकांपैकी ज्यांना हे जमणार नाही त्यांनी बाहेर यावं, असं तो म्हणाला. एक जण पुढे आला. त्याचा कॅप्टन त्याच्या अंगावर ओरडला, ट्रापने कॅप्टनला गप्प केलं. मग आणखी दहा-बारा जण आले. त्यांनी रायफली जमा केल्या आणि त्यांना बाजूला थांबवलं, बस. बाकीच्यांनी रात्रीपर्यंत सुमारे १,५०० माणसं मारली.

दार उघडं होतं, शिक्षा नव्हती, तरी चारशेच्या वर माणसं थांबली. त्यांच्या पुढच्या जबान्यांत हिटलरपेक्षा सोबतीच जास्त येतात. रांगेतून एक पाऊल पुढे टाकणं म्हणजे सगळ्यांदेखत ‘मी लेचापेचा’ असं जाहीर करणं. शिवाय मी बाहेर पडलो तर माझ्या वाटणीचं घाणेरडं काम शेजारच्याच्या गळ्यात पडणार, म्हणजे मीच स्वार्थी ठरणार. विचार करायला मिळाली मिनिटं. इतका वेळ तर कँटीनमध्ये भाजी बरी की वाईट हे ठरवायला लागतो. दिवस चढला तसे काही जण कोपऱ्यात रेंगाळू लागले, काहींनी मध्येच ‘मला पुरे’ म्हणून सुटका करून घेतली. त्यांनाही कुणी काही केलं नाही. पण एवढं करूनही ते हत्या थांबवत नव्हते, फक्त स्वत:ला बाजूला काढत होते.

वरच्यांनी युझेफुवहून धडा घेतला तो कामाच्या वाटणीचा. माणसं दारू पिऊन पडली होती, जेवत नव्हती. ऑगस्टमध्ये लोमाझीला गोळ्या घालायचं काम त्राव्निकीच्या छावणीत तयार केलेल्या परक्या मदतनीसांकडे गेलं. बटालियनने वेढा घालायचा, माणसं घराबाहेर काढायची, चौकात बसवायची. त्यानंतर रेल्वे डब्यांत भरून त्रेब्लिंकाच्या मृत्युछावणीला पाठवणं आलं. युझेफुवला ओकाऱ्या काढणारी माणसं डब्यांची दारं लावताना खळखळ करत नव्हती. मिलग्रॅमचे ४० पैकी ३७ आठवा. एकाने वेढा घातला, दुसऱ्याने यादी वाचली, तिसऱ्याने ट्रक चालवला, आणि ‘मी कुणाला मारलं नाही’ हे जवळपास प्रत्येकाला खऱ्या मनाने म्हणता येत होतं.

आपल्याकडची जोडी म्हणजे जालियनवाला बाग आणि पेशावर. १३ एप्रिल १९१९ ला डायरने बागेत ५० रायफलधारी उभे केले, त्यांत निम्मे गुरखे. इशारा दिला नाही, आत शिरल्यावर अर्ध्या मिनिटात हुकूम. सुमारे १० मिनिटांत १,६५० फैरी झडल्या. सरकारी मोजणीत ३७९ मृत. हा हिशेब एकदा मांडून बघावा. माणशी ३३ फैरी, म्हणजे सरासरी १८ सेकंदांना एक. ली-एनफिल्ड रायफल मिनिटाला १५ सहज झाडते. म्हणजे ही घाबरून केलेली बेछूट फायरिंग नव्हती. १० काडतुसांचं मॅगझिन प्रत्येकाने मध्ये तीनदा भरलं. तीनदा हात थांबला, मान खाली गेली, पुन्हा वर आली. डायर तिथेच उभा राहून दाटी कुठे जास्त आहे तिकडे नेम वळवत होता. वरिष्ठ पाठीशी, जोडीदार खांद्याला खांदा लावून, समोरच्यांशी गावाचं-नात्याचं काही नाही आणि डोकं लढवायला क्षणही नाही: पाळलं जाण्यासाठी लागतं ते सगळं एका जागी. या गोळीबाराची चौकशी करणाऱ्या हंटर कमिटीपुढे मुंबई विद्यापीठाचे तेव्हाचे कुलगुरू चिमणलाल सेटलवाड यांनी विचारलं, वाट रुंद असती आणि चिलखती गाड्या आत नेता आल्या असत्या तर मशिनगन चालवल्या असत्या का? बहुधा हो, असं डायर म्हणाला.

एप्रिल १९३० मध्ये पेशावरला रॉयल गढवाल रायफल्सच्या दुसऱ्या बटालियनला खुदाई खिदमतगारांच्या, म्हणजे अहिंसक पठाण स्वयंसेवकांच्या, आंदोलनावर पाठवलं, तेव्हा दोन प्लाटूननी गोळी झाडायला नकार दिला. हेही व्यावसायिक शिपाईच, समोरचे पठाण त्यांच्या धर्माचे नव्हते, भाषेचेही नव्हते. फरक दोन होते. हवालदार चंद्रसिंग गढवाली आणि सोबत्यांचं बराकीत आधीच बोलणं झालं होतं, त्यामुळे नकाराचा विचार बाजारात, बंदूक खांद्याला लावून करायची वेळ आली नाही. आणि नकार देणाऱ्यांत हुद्देदार होते. शिपायाने नाही म्हटलं तर ते बंड, हवालदाराने म्हटलं तर शिपायाच्या दृष्टीने तो जवळपास हुकूमच.

कायदा कुठे उभा आहे, हे थोडक्यात. लष्करी कायदा, १९५० च्या कलम ४१ मध्ये वरिष्ठाचा ‘कायदेशीर’ हुकूम मोडणं हा गुन्हा आहे. तो एक शब्द तिथे मुद्दाम आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम १४ मधलं जुनं उदाहरणही कायद्याला धरून दिलेल्या हुकुमावर गोळी झाडणाऱ्या सैनिकाचंच आहे. २०११ मध्ये मुंबईतल्या एका बनावट चकमकीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने न्यूरेंबर्गच्या नाझी खटल्यांचा दाखला देत स्पष्ट म्हटलं की, असा बेकायदा हुकूम नाकारणं पोलिसाचं कर्तव्य आहे, नाहीतर खुनाचा आरोप त्याच्यावरच येईल. अडचण वेगळी आहे. शिपायाला रोज शंभर हुकूम मिळतात आणि ते कायदेशीर आहेत असंच धरून चालावं लागतं. नाहीतर पलटण चालणार नाही. म्हणून कोर्ट ‘उघड बेकायदा’ ही कसोटी लावतं. काफर कासिमच्या १९५८ च्या निकालात न्यायाधीश हलेवी (पुढे नाझी अधिकारी आइकमनच्या खटल्यातही ते होते) यांनी लिहिलं की अशा हुकुमावर काळा झेंडा फडकत असतो, कायद्याचं पुस्तक न वाचलेल्यालाही तो दिसावा. वाक्य सुंदर आहे. पण गोंगाटात, धुरात, शेजारचे नऊ जण नेम धरून उभे असताना तो झेंडा दिसत नाही, हाच तर सगळा प्रश्न आहे.

त्यामुळे वर्गात जिनिव्हा कराराची कलमं पाठ करून घेण्याचा उपयोग मर्यादित असतो. उपयोग होतो तो ब्रीफिंगच्या शिस्तीचा. हुकूम मिळाल्यावर तो परत म्हणून दाखवायचा आणि तेवढ्यात तीन गोष्टी उच्चारून घ्यायच्या: लक्ष्य कोण, हत्यार नसलेला दिसला तर काय, गुप्तवार्ता चुकली तर थांबवणार कोण. ‘साहेब, बायकापोरंही लक्ष्यात धरायची का?’ हे सगळ्यांसमोर, साध्या आवाजात विचारलं की अर्धवट वाक्य टाकून निसटणाऱ्या अधिकाऱ्याला हो किंवा नाही म्हणावं लागतं, आणि साक्षीदारांदेखत ‘हो’ म्हणणारे फार थोडे. हे विचारणारा शक्यतो नायक-हवालदार असावा. सराव प्रसंगावर करायचा: वीस मिनिटांचा नाका, चुकीची खबर, ओरडणारा लेफ्टनंट, आणि ‘थांबा’ हा शब्द प्रत्येकाच्या तोंडून एकदा तरी मोठ्याने निघाला पाहिजे. माणसं गमावलेल्या तुकडीला लगेच त्याच गावात पाठवायचं नाही. आणि पहिल्या थपडेची नोंद पहिल्याच दिवशी व्हायला हवी. हे शेवटचं बहुतेक जण टाळतात, कारण त्यात चांगला लढणारा माणूस अडकतो.

माय लायला खीळ घातली ती ह्यू थॉम्प्सन या २४ वर्षांच्या हेलिकॉप्टर पायलटने. तो चार्ली कंपनीच्या ब्रीफिंगला नव्हता, त्या कंपनीच्या साखळीत नव्हता आणि वरून त्याला सबंध गाव दिसत होतं. तो सैनिक आणि गावकऱ्यांच्या मध्ये उतरला, आपल्याच लोकांनी गोळी झाडली तर त्यांच्यावर झाडा, असं स्वत:च्या गनरना सांगून त्याने दहा-बारा जणांना बाहेर काढलं, आणि परत येऊन रिपोर्ट केला.

नकाराची किंमत नसते असं कुणी समजू नये. ती बहुधा त्या क्षणी नसते, नंतर येते. चंद्रसिंगांना जन्मठेप झाली आणि सुटका १९४१ मध्ये. थॉम्प्सनला ‘सोल्जर्स मेडल’ मिळालं ते १९९८ मध्ये. मधल्या काळात एका अमेरिकी खासदाराने या प्रकरणात शिक्षा द्यायची तर त्यालाच द्या, असं म्हटलं होतं. काफर कासिमच्या आठ दोषींपैकी सर्वांत मोठी शिक्षा १७ वर्षांची होती, आणि १९६० उजाडेपर्यंत ते सगळे बाहेर होते.